सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव वही-पेन्सिलीने कसे काढावेत

१२३४५६७८९८७६५४३२१ ही भलीमोठी संयुक्त संख्या कागदावर पूर्ण सोडवता येते. या जातीच्या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव गणिती द. रा. कापरेकरांनी दिलं. त्यांचा जन्म डहाणूचा, शाळा ठाण्यातली. डेम्लो हे जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचं, मुंबईपासून ३० मैलांवरचं स्टेशन. तिथे त्यांना या संख्या सुचल्या.

संख्या एक्सेलमध्ये मात्र टाकू नका. तिथे १५ अंकच टिकतात, शेवटच्या २१ च्या जागी ०० येतात आणि विषम संख्या सम होऊन बसते. पडताळा संगणकावरच घ्यायचा असेल तर पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरा, त्यात पूर्णांक अचूक राहतात.

१. अंकांची बेरीज करा. ती ८१ येते, म्हणून ९ ने नक्की भाग जातो. ‘बेरीज ८१, म्हणजे ८१ नेही भाग जाणारच’ असं मात्र धरू नका. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते. ही कसोटी फक्त ३ आणि ९ साठीच चालते.

२. वर्गमूळ ओळखा. १११११११११ ला त्याच संख्येने गुणा. एकेक घर डावीकडे सरकलेल्या नऊ ओळी मिळतात आणि उभ्या रकान्यांच्या बेरजा १, २, ३ अशा ९ पर्यंत चढून पुन्हा उतरतात. कुठेही हातचा येत नाही, म्हणून आपली संख्या म्हणजे नऊ एकांचा वर्ग. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० येतात आणि हातच्याने नक्षी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

३. वर्गमुळाचे तुकडे करा. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडा: १११ × १००१००१. त्यातले १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७.

४. ३३३६६७ मूळ आहे का ते तपासा. खरी मेहनत इथेच आहे. ५७८ चा वर्ग ३३४०८४, म्हणजे ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणं पुरेसं. पण त्याही १०६ भरतात, आणि इतके भागाकार हाताने करताना एखादा चुकतोच. त्याआधी थोडा विचार केला तर काम फार हलकं होतं. समजा ‘प’ हा ३३३६६७ चा मूळ अवयव आहे. मग तो नऊ एकांना आणि म्हणून त्यांच्या नऊपटीला, ९९९९९९९९९ लाही भागतो, म्हणजे १० च्या नवव्या घाताला ‘प’ ने भागल्यावर बाकी १ उरते. ही बाकी पहिल्यांदा ज्या घाताला येते तो ९ चा विभाजक, म्हणजे १, ३ किंवा ९ असतो. १ किंवा ३ असेल तर ‘प’ ९९९ ला भागतो, म्हणून तो ३ किंवा ३७. ९ असेल तर फर्माच्या प्रमेयानुसार (१० च्या (प − १) व्या घाताला ‘प’ ने भागल्यावरही बाकी १ उरते) (प − १) ला ९ ने भाग जातो, आणि ‘प’ विषम असल्याने १८ नेही. आता ३ खेरीज फक्त १८ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्या राहतात (३७ त्यांतच येते):

१९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७.

१०६ ऐवजी सतरा! १९ ने बाकी ८, ३७ ने १, ७३ ने ५७. पुढेही कुठेच शून्य येत नाही. ३ चा प्रश्न अंकांची बेरीज २८ आल्याने लगेच मिटतो. ३३३६६७ मूळ आहे.

५. जोडणी. वर्ग करताना प्रत्येक घातांक दुप्पट करा; ही पायरी विसरणारे पुष्कळ असतात. उत्तर: ३⁴ × ३७² × ३३३६६७². विभाजकांची संख्या (४+१)(२+१)(२+१) = ४५. पूर्ण वर्गाला विभाजक नेहमी विषम संख्येनेच असतात, त्यामुळे इथे सम आकडा आला तर चूक झाली असं समजा.

आता ३⁴ = ८१ हा अवयव हाती आहे, म्हणून पहिल्या पायरीवर अडलेली गोष्ट सिद्ध झाली: संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो. अशा संख्यांना कापरेकर हर्षद संख्या म्हणत. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग, ज्यात ८ गायब आहे.

सरावाला आठ एकांचा वर्ग घ्या: १२३४५६७८७६५४३२१. आठ एक = ११ × ७३ × १०१ × १३७, म्हणून विभाजक ३ × ३ × ३ × ३ = ८१. अंकांची बेरीज ६४, पण संख्या विषम, म्हणून ही हर्षद नाही.