घरातला वाद वाढायच्या आधी कसा थांबवायचा? टीए वापरून बघा

टीए म्हणजे ट्रान्झॅक्शनल अॅनालिसिस, माणसं एकमेकांशी कशी बोलतात-वागतात ते उलगडून बघायची पद्धत. एरिक बर्न (१९१०-१९७०) नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत मांडलेली ही थिअरी, आणि मला वाटतं एकत्र कुटुंबात राहणाऱ्या किंवा घरचं दुकान चालवणाऱ्या प्रत्येकानं ती शिकायलाच पाहिजे.

आधी एवढं समजून घ्या की प्रत्येकाच्या आत तीन अवस्था असतात. पालक, म्हणजे लहानपणी मोठ्यांचं बघून उचललेलं रागावणं, नियम लावणं, पण काळजी घेणं सुद्धा. बालक, म्हणजे लहानपणीचं रुसणं, भिणं, हट्ट आणि मजा. आणि प्रौढ, जो समोर आत्ता काय आहे ते बघून बोलतो. याचा वयाशी काही संबंध नाही हं, सत्तर वर्षांचे आजोबा पण बालकातून बोलतात.

आता कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या दुकानात वडील विचारतात, "सांगलीच्या मालाचं बिल कुठं ठेवलंयस रे?" साधा प्रश्न, प्रौढाकडून प्रौढाला. पण पोरगं म्हणतं, "आण्णा, सारखं मलाच का धरताय?" हे बालकातून आलं आणि थेट वडिलांमधल्या पालकाला जाऊन लागलं, मग "तुला जबाबदारीच कळत न्हाई" आणि तिथनं पुढं गिऱ्हाईकासमोरच सुरू. बिल राहिलं बाजूला! बर्न याला क्रॉस्ड ट्रान्झॅक्शन म्हणतात, म्हणजे प्रौढाला विचारलं आणि उत्तर भलत्याच अवस्थेतून आलं, बोलणं तुटतं ते इथंच.

म्हणून पहिलं काम म्हणजे स्वतःला पकडायचं. आवाज चढला, बोट वर गेलं, "नेहमी", "कधीच" असले शब्द यायला लागले की समजायचं पालक बोलतोय, आणि गळा दाटला, तोंड फुगलं की बालक. मग उत्तर द्यायच्या आधी एक श्वास घ्या आणि फक्त विचारलेल्याचं उत्तर द्या: "गल्ल्याखालच्या फायलीत आहे, देतो."

आणि वडिलांनीच "तुला एक बिल नीट ठेवता येत न्हाई" अशी सुरुवात केली तर? तरी प्रौढातूनच बोलायचं, "बिल आत्ता लागतंय का? शोधून देतो." लगेच फरक पडेलच असं नाही, पण वादाला दुसरी बाजूच मिळत नाही. मात्र समोरच्याला "तुम्ही आत्ता पालकातून बोलताय" असं कधी सुनावू नका, त्यानं हमखास भडका उडतो.

सारखं प्रौढ राहायचं असाही अर्थ काढू नका. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना पोरांबरोबर दंगा करायला बालकच लागतो, आजारी माणसाजवळ बसायला पालकच.

अजून एक, बर्न ‘स्ट्रोक’ म्हणतात ते, म्हणजे समोरच्याची दखल घेणं. माणसाला ती लागतेच, चांगली मिळाली नाही तर भांडून मिळवतो. म्हणून दुकान बंद करताना "आज हिशोब बरोबर लावलास बघ" एवढं वडिलांनी म्हणावं, पोरानं पण म्हणावं.

घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर मात्र हे करत बसू नका, सरळ मदत घ्या.