लॉनला खत टाकायचंय? आधी गवत जागं झालंय का ते बघा

थंडी सरून ऊन जरा चटकायला लागलं की लॉनवाल्यांची घाई सुरू होते, गवत अर्धंमुर्धं पिवळं दिसतंय ना, मग टाका युरिया. थांबा थोडं. उष्ण हवेतली गवतं, म्हणजे हरळीचे सगळे प्रकार, झॉयसिया, सेंट ऑगस्टिन, कार्पेट ग्रास वगैरे, थंडीत मंदावतात आणि मुळांजवळची माती साधारण 18 अंशांच्या वर गेली की मगच जोमानं वाढायला लागतात. त्याआधी टाकलेलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, एकतर तणांच्या वाट्याला जातं नाहीतर पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. थर्मामीटर नसला तरी चालतंय, लॉन सगळं हिरवं झालं आणि एकदोनदा कापायची वेळ आली की पहिला हप्ता द्यायचा.

आता किती? एका वेळी चौरस मीटरला जास्तीत जास्त 5 ग्रॅम नत्र, याच्यावर जायचं नाही. युरियात 46 टक्के नत्र असतं, त्यामुळे हिशोब फार सोपा निघतो, 100 चौरस फुटाला 100 ग्रॅम युरिया, बस. आणि ही वरची हद्द झाली हां, मी तर म्हणेन निम्माच टाका आणि तीनचार आठवड्यांनी परत टाका, कारण युरिया लगेच लागू होतो आणि एकदम दिला की गवत नुसतं पानोळ्यावर सुटतं, मुळं तशीच वरवर राहतात, मग दर चार दिवसांनी मशीन काढा आणि एवढ्या लुसलुशीत पानांवर बुरशी आली की परत तिच्या मागे धावा. अमोनियम सल्फेटमध्ये नत्र 21 टक्केच, म्हणून तेवढ्याच जागेला ते साधारण 220 ग्रॅमपर्यंत लागतं, पण चुनखडीच्या जमिनीत मला तेच बरं वाटतं कारण त्यातनं गंधकही मिळतं आणि जमिनीचा सामू (pH) थोडा खाली यायला मदत होते.

19:19:19, म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी 19 टक्के असलेलं मिश्र खत, दर वेळी टाकणारे बरेच आहेत. नवीन लॉन बसवताना ठीक आहे, मुळं धरायला स्फुरद लागतं, पण जुन्या लॉनच्या मातीत स्फुरद बहुतेक वेळा पुरेसं असतं आणि गवत कापून गेलं तरी ते फारसं कमी होत नाही, उलट साठत जातं आणि लोह, जस्त घ्यायला अडचण करतं. माती तपासून घेतली असेल तर प्रश्नच मिटला. नुकत्याच अंथरलेल्या लॉनला मात्र मुळं खाली धरेपर्यंत, म्हणजे तीनचार आठवडे, युरिया दाखवूच नका.

टाकायची पद्धत नीट सांगतो, खरा घोळ इथंच होतो. पानं कोरडी पाहिजेत पण खाली माती ओलसर पाहिजे, म्हणून आदल्या दिवशी पाणी द्या. पानावर दव असताना खत फोकलं तर दाणे चिकटतात आणि तिथं पान करपतं. मोजलेलं खत कोरड्या वाळूत मिसळा म्हणजे हाताला अंदाज येतो, मग त्याचे दोन भाग करून एक उभा फोका आणि दुसरा आडवा, नाहीतर आठवड्याभरात गडद आणि फिके पट्टे उठतात आणि येणारा प्रत्येकजण विचारतो हे काय डिझाईन केलंय का. कुत्रं जिथं मुततं तिथं मधे जळकं आणि कडेनं गर्द हिरवं वर्तुळ होतं बघा, जास्त नत्राचा तो फुकटचा डेमो आहे.

फोकून झालं की लगेच पाणी, साधारण अर्धा इंच. युरिया वर पडून राहिला तर उन्हात आणि ओलसर हवेत त्याचा अमोनिया होऊन उडून जातो, अर्धवट पाणी शिंपडून सोडलं तर आणखीच. हलका पाऊस येणार असेल तर उत्तम, पण धो धो पावसाचा अंदाज असेल तर त्या दिवशी नकोच, सगळं गटारात जाईल. फरशीवर उडालेले दाणे झाडूनं परत गवतात लोटा, पाण्यानं धुऊन नाल्यात सोडू नका. आणि गवत पाण्याविना मलूल झालेलं असेल तर आधी पाणी पाजून त्याला सावरू द्या, खताचं नंतर बघू.

पिवळेपणा बघून प्रत्येक वेळी नत्रच कमी आहे असं धरू नका. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्र. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर लोह, आणि तिथं युरिया टाकून काही होत नाही. फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा, फक्त फरशी आणि भिंत सांभाळा, तांबडे डाग पडतात ते निघत नाहीत.

कापलेलं बारीक गवत उचलून फेकता का? राहू द्या की तिथंच, वर्षाच्या नत्राचा साधारण चौथा हिस्सा त्यातनंच परत मिळतो, फक्त एका वेळी पात्याचा एक तृतीयांशच भाग कापायचा म्हणजे ढीग होत नाही. सावलीतल्या लॉनला खत निम्मं करा, वाढच कमी असते तिथं. शेणखत टाकणार असाल तर पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलं, पातळ थर, कच्चं टाकलं तर पुढचे काही महिने तणं उपटत बसाल.

थंडी यायच्या दीडएक महिना आधी नत्र बंद करा. जिथं थंडी अशी पडतच नाही तिथं गवत थोडंफार वाढत राहतं, तेव्हा हप्ता आणखी लहान करून अंतर वाढवायचं, आणि कापणी दोनतीन आठवड्यांवर गेली की तोही थांबवायचा.