तारकर्लीच्या समुद्रात उतरायचं तर आधी तिथी बघा

तारकर्लीला जायचं ठरलं की माझ्या बहिणीकडे सगळे मोबाईलवर खोल्या शोधायला बसतात. मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवते आणि एकादशी कधी आहे ते बघते. उपवासासाठी नाही, भरतीसाठी. माझं आजोळ देवबागचं. पोहायला मी पुण्याच्या तलावात शिकले, पण समुद्रात उतरायला मामाने शिकवलं, आणि या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. ते पुढे सांगते.

आधी जागा नीट समजून घ्या. मालवणहून दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली, आणि तोच रस्ता पुढे देवबागला जाऊन संपतो. जमिनीची ही लांबट पट्टी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये माड, घरं आणि एकच अरुंद रस्ता. टोकाला नदी समुद्राला मिळते, तो संगम. पलीकडे भोगवे दिसतं. रेल्वेने आलात तर कुडाळला उतरा. कोकणकन्या, मांडवी, तुतारी या तिन्ही गाड्या तिथे थांबतात. पुढे रिक्षा किंवा एसटीने तीसेक किलोमीटर मालवण. पुण्याहून गाडीने येणारे बहुतेक फोंडा घाटाने उतरतात.

आता तिथीचं गणित. कोकणात हे लहान मुलांनाही येतं, शहरात मात्र फार कमी जणांना माहीत असतं. त्या दिवसाची जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. अमावास्या पंधरावी धरायची. दिवसातून दोनदा भरती, म्हणून सकाळी सव्वाआठची असेल तर रात्रीही साधारण साडेआठच्या पुढे. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अर्धा तास इकडे-तिकडे धरून चाला. मामा हे बोटांच्या पेरांवर मोजायचा. अंगठा एकेका पेरावर ठेवत जायचा आणि शेवटच्या पेरावर थांबून म्हणायचा, “साडेसात. आता चाय घेवया.”

पोहण्याची वेळ म्हणजे भरतीचे शेवटचे दीड-दोन तास. पाणी चढत असतं, किनाऱ्याकडे येत असतं. ओहोटीत तेच पाणी परतीला लागतं, आणि त्याच्यासोबत तुम्हीही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं आणि तितक्याच जोराने उतरतं. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांगाची भरती, तिच्यात चढउतार सगळ्यात कमी. म्हणून मी एकादशी-द्वादशी शोधते. उधाण अजून दूर असतं आणि भरती सकाळी सव्वाआठ-नऊला पूर्ण होते.

सकाळच का, तर वाऱ्यामुळे. थंडीच्या दिवसांत रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई वारा. त्याने लाटा दबतात आणि पाणी तळ्यासारखं सपाट दिसतं. नऊ-दहानंतर जमीन तापली की वारा फिरतो, समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि दुपारपर्यंत पाणी खवळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने उत्तम. एप्रिल-मेमध्ये फक्त भल्या सकाळी, तेही कमरेच्या खाली. जून ते सप्टेंबर पाण्यात पाय घालू नका. जून-जुलैत मासेमारांच्या होड्यासुद्धा शाकारून वर ओढलेल्या असतात, यावरून काय ते समजा.

मतलई वाऱ्याचा एक धोका मात्र कोणी सांगत नाही. तो जमिनीकडून ढकलतो, म्हणून हवा भरलेली ट्यूब, चेंडू, रबरी बदक, सगळं थेट आत जातं. मूल ट्यूबमध्ये बसलेलं असेल तर दोन मिनिटांत ते तुमच्या हाताबाहेर. चेंडू गेला तर जाऊ द्या. त्याच्यामागे पोहत जाणाऱ्या एका मुलाला मी स्वतः ओरडून, हात हलवून परत बोलावलंय आणि त्याच्या वडिलांशी भांडलेही आहे.

उतरायचं कुठे, तर तारकर्लीच्या मधल्या, मोकळ्या किनाऱ्यावर. तिथे वाळू हळूहळू खोल होत जाते. देवबागच्या समुद्राकडच्या बाजूला धूप थांबवायला दगडांचे बंधारे घातले आहेत, त्यांच्यापाशी उतरू नका. लाट तुम्हाला दगडावर आपटते आणि चढून यायला जागा नसते. संगमावर तर अजिबात नाही. पर्यटक ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा पट्टा तिथेच आहे. होडीने जा, गुडघाभर पाण्यात उभे राहा, फोटो काढा, पण पोहू नका.

मी पोहले होते. एकोणिसाव्या वर्षी, सकाळी अकराच्या सुमाराला, ओहोटी लागलेली असताना. नदीचं सगळं पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडत होतं. पाणी इतकं गुळगुळीत होतं की वेग दिसतच नव्हता. मी किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत होते आणि समोरचा एक वाकडा माड दर हाताला लहान होत होता. अंगात ताकद होती, तलावात चाळीस फेऱ्या मारायचे मी. त्याचा तिथे काडीचा उपयोग झाला नाही. जाळं टाकून परतणाऱ्या होडीतल्या दोघांनी मला दंडाला धरून आत ओढलं. मामा काठावर उभा होता. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, “आदी बघ, मगे उतर.”

कसं बघायचं तेही त्यानेच दाखवलं. माडाखाली नारळाची सोडणं, म्हणजे वरची सुकी सालं, पडलेली असतात. त्यातलं एक उचलायचं, गुडघाभर पाण्यात जाऊन जमेल तितकं लांब फेकायचं आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. सोडण लाटांबरोबर हेलकावे खात काठाला आलं तर ठीक. आडवं सरकत गेलं तर पाण्याला बाजूची ओढ आहे. पाण्यात असताना तुम्हीही तसेच सरकणार, म्हणून काठावरची एक खूण धरून ठेवा. सरळ आत गेलं तर ती जागा सोडा. लाटांनी काठावर आणून टाकलेलं पाणी जिथून परत जातं, तिथे खोलगट वाट पडते. त्या वाटेवर लाट फुटत नाही, पाणी गडद आणि शांत दिसतं. नवखा माणूस नेमका तीच जागा निवडतो, कारण दोन्ही बाजूंना फेस असतो आणि मध्ये ही शांत पट्टी.

अशा ओढीत सापडलात तर काठाकडे झुंजू नका. ओढ अरुंद असते. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि मग लाटांबरोबर परत या. तेवढा दम नसेल तर उताणे पडून तरंगा आणि एक हात वर करा. काठावरच्यांनी मागून उडी मारायची नाही. बुडणाऱ्याबरोबर वाचवणारा गेला, असंच फार वेळा घडतं. मी पाण्याचा पाच लिटरचा रिकामा कॅन घट्ट झाकण लावून, मुठीला दहा-बारा मीटर दोरी बांधून काठावर ठेवते. तो फेकायचा. आसपासच्या होडीवाल्यांना हाक मारायची, 112 लावायचा.

पाण्यात शिरताना पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत न्या. वाळूत पाकट ही चपटी मासळी पसरून बसलेली असते. पायाची चाहूल लागली की ती निघून जाते, अंगावर पाय पडला तर मात्र शेपटीचा काटा मारते. काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवा, वेदना उतरते, मग डॉक्टर. जेलीफिशचे धागे चिकटले तर गोडं पाणी ओतू नका, चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि काडीने धागे काढा.

बायकांसाठी खास सांगते. ओढणी, साडी, घेरदार कुर्ता पाण्यात पायांना गुंडाळतो आणि ओला झाला की ओढतो. लेगिंग आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट घाला, कोणी बघेल याची चिंता करू नका. आणि मुलामागे एक मोठं माणूस, हातात मोबाईल नसलेलं.

सकाळी कधी किनाऱ्यावर रापण ओढताना दिसेल. दोन्ही बाजूंना माणसं दोर धरून उभी असतात आणि मध्ये जाळ्याचा मोठा अर्धगोल असतो. त्याच्या आत पोहू नका. पाय अडकतो आणि त्यांची मेहनतही वाया जाते. बाहेर येऊन विचारलंत तर दोराला हात लावू देतात. जाळं काठाला आलं की बांगडे वाळूवर उड्या मारतात, मुलं ते आयुष्यभर विसरत नाहीत.

नऊला बाहेर या. विहिरीच्या गोड्या पाण्याने केस धुवा, मीठ राहिलं तर दिवसभर कातडी ओढत राहते. मग उकड्या तांदळाची पेज घ्या, वर खोबऱ्याची कातळी आणि लोणच्याची फोड. यंदा पौषातल्या एकादशीला आम्ही आठ जण जाणार आहोत, कॅन आणि दोरी मी आत्ताच पिशवीत भरून ठेवली आहे.