स्वतःची पहिली इलेक्ट्रिक गिटार कशी बनवावी

इलेक्ट्रिक गिटार स्वतः बनवायची ठरली की बहुतेकजण आकारापासून सुरुवात करतात. कागदावर बॉडीची शिंगं काढली जातात, रंग ठरतो, लाकूडही येतं, आणि नंतर नेक (गिटारची मान) आणि ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) यांचं अंतर काही केल्या जुळत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की आधी नेक ठरवा. पहिल्या गिटारसाठी तो तयार विकत घ्या आणि बॉडी मात्र पूर्ण स्वतः बनवा.

कारण फ्रेटचं, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचं, गणित. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची जी लांबी असते, तिला स्केल म्हणतात. तिला १७.८१७ ने भागलं की पहिल्या फ्रेटचं अंतर मिळतं. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागायचं, की दुसऱ्याचं. ६४८ मिलिमीटर स्केलवर पहिला फ्रेट ३६.३७ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. वर जाल तसे फ्रेट जवळ येत जातात आणि तिथे अर्धा मिलिमीटर सरकला तरी कॉर्ड किंचित बेसूर लागते. ती चूक पुढे कुठल्याही सेटिंगने जात नाही. बॉडीत झालेली बारीकसारीक चूक मात्र दुरुस्त करता येते. आणि तयार नेक लावला म्हणून गिटार तुमची कमी होत नाही. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला गिटार वाजवताही येत नव्हती. त्याने १९५० च्या सुमारास नेक आणि बॉडी वेगवेगळी बनवून चार स्क्रूंनी जोडली. तीच पद्धत आजही नवशिक्याला सगळ्यात सोयीची.

आधी काय काय ठरवायचं

स्केल नेकसोबतच ठरतो. फेंडर धाटणीचा नेक ६४८ मिलिमीटरचा, गिब्सन धाटणीचा साधारण ६२८ चा. ६४८ घ्या, त्याचे सुटे भाग सहज मिळतात. ब्रिज हार्डटेल घ्या, म्हणजे बॉडीवर सपाट बसणारा, न हलणारा. ट्रेमोलोचा, म्हणजे दांड्याने हलवून सूर लहरवणाऱ्या ब्रिजचा, मोह होतो, पण त्यासाठी बॉडी आरपार कोरावी लागते आणि ट्यूनिंग सांभाळायचं काम वाढतं. ट्यून-ओ-मॅटिक हा गिब्सन धाटणीचा ब्रिज उंच असतो, त्याला नेक दोन-तीन अंश मागे कलवावा लागतो. सपाट ब्रिजला हा कोन लागत नाही. पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, एक किंवा दोन, कंट्रोल म्हणजे एक व्हॉल्यूम आणि एक टोन. पिकअप एका कॉइलचा असतो किंवा दोन कॉइलचा, दोनवाल्याला हंबकर म्हणतात. एका चांगल्या हंबकरवर उत्तम गिटार होते.

नेक, ब्रिज, पिकअप आणि ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) हातात आल्याशिवाय लाकडाला करवत लावू नका. मुंबईत धोबीतलावच्या फुर्टाडोजसारख्या जुन्या वाद्यांच्या दुकानांत चौकशी करा, जमलं तर वस्तू हातात घेऊन पाहा. बाहेरून मागवलंत तर कस्टम ड्यूटी धरूनच बजेट करा. लाकडापेक्षा या सुट्या भागांवरच जास्त खर्च होतो.

१:१ चं चित्र

फोर्टात किंवा इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आसपास प्लॉटर असलेली झेरॉक्सची दुकानं सापडतात. तिथे चित्र मूळ मापात काढून घ्या आणि घरी आणल्यावर पट्टी लावून खात्री करा, कारण प्रिंट एक-दोन टक्क्यांनी लहानमोठा होतो. ६४८ मिलिमीटरवर एक टक्का म्हणजे साडेसहा मिलिमीटर.

चित्रावर पहिली रेघ मध्यरेषेची. बॉडी, नेक, ब्रिज, पिकअप, सगळ्यांची मापं याच रेषेपासून घ्यायची, बॉडीच्या कडेपासून कधीच नाही. कड पुढे घासली जाते, मध्यरेषा तशीच राहते.

मग एक साधी वजाबाकी. नटपासून नेकच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर स्वतः मोजा आणि ते ६४८ मधून वजा करा. जे उरेल ते नेक पॉकेटच्या (बॉडीत नेक बसतो त्या खाचेच्या) भिंतीपासून ब्रिजच्या सॅडलपर्यंतचं (प्रत्येक तार टेकते त्या सरकत्या तुकड्यापर्यंतचं) अंतर. दुकानदाराने सांगितलेलं किंवा दुसऱ्याच्या चित्रातलं माप इथे घेऊ नका, तुमच्या हातातला नेक मोजा.

लाकूड

बॉडीसाठी साधारण ५०८ बाय ३५६ मिलिमीटरची, ४५ मिलिमीटर जाडीची फळी लागते. रंधा मारण्याआधीची जाडी धरून हे घनफुटाच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरतं. वखारवाल्याला एवढंसं देणं जिवावर येतं, त्यामुळे 'तुकडा आहे का' असंच विचारा. रे रोडच्या वखारी पहिल्या, आणि जोगेश्वरीला ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार दुसरा. तिथे मोडीत निघालेल्या जुन्या फर्निचरचं लाकूड मिळतं.

कोणतं घ्यावं? माझं मत तून किंवा शिवण. तून हलकं, तांबूस, कोरायला मऊ. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांच्या कामात ते पूर्वीपासून आहे. शिवण फिकट आणि हलकी, आणि एकदा नीट वाळली की फारशी वाकत नाही. सागवान दिसायला देखणं आणि टिकाऊ, पण त्याची बॉडी तूनपेक्षा अर्धा-पाऊण किलोने जड होते. तास-दोन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला हे वजन जाणवतं. शिवाय सागात तेल असतं. चिकटवण्याआधी जोडाच्या कडा थिनरने पुसल्या नाहीत तर जोड पुढे उकलू शकतो. शिसम बॉडीला फारच जड. त्याची धूळ नाकाला आणि कातडीला झोंबते. त्याचं पातळ पान वर लावायचं असेल तर ठीक.

लाकडाने आवाज बदलतो का, यावर गिटारवाले रात्रभर भांडू शकतात. पिकअप, तारा, ब्रिजची पकड आणि नेकचा जोड यांचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा असतो. म्हणून वजन, वाळलेपणा आणि रूप पाहून लाकूड निवडा.

जुन्या लाकडाचं मात्र मला खरंच वेड आहे. पाचगणीला शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ पासून वडिलांबरोबर आपली गिटार घरीच घडवली. तिचा नेक एका जुन्या फायरप्लेसच्या चौकटीच्या लाकडातून कोरला. आपल्याकडे पाडलेल्या चाळींच्या तुळया आणि दारांच्या चौकटी आहेत. ते लाकूड कित्येक पावसाळे सोसून स्थिर झालेलं असतं. घ्या, पण आधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला एक खिळा राऊटरचं (लाकूड कोरायच्या यंत्राचं) पातं फोडतो, आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.

नवीन लाकूड सीझन केलेलंच, म्हणजे नीट वाळवलेलंच, घ्या. घरी आणल्यावर खाली-वर पट्ट्या लावून दोन-तीन आठवडे खोलीत राहू द्या. दिवाळीनंतर काम काढा, मृग लागायच्या आत पॉलिश संपवा. पावसाळ्यात ओलं झालेलं लाकूड चिकटवलंत तर थंडीत आकसून जोडावर रेघ दिसते.

कापणं आणि कोरणं

दोन फळ्या जोडून बॉडी करायची असेल तर जोड मध्यरेषेवर ठेवा. दोन्ही कडा एकत्र धरून उजेडासमोर पाहा. फटीतून उजेड आला तर पुन्हा रंधा. फेविकॉल पातळ आणि सारखा लावा, शिकंजे आवळा आणि रात्रभर हात लावू नका.

राऊटर फ्लॅटमध्ये चालवू नका. आवाजापेक्षा धूळ वाईट. ओळखीच्या सुताराच्या कारखान्यात अर्धा दिवस जागा मागा, मुंबईत ते जमतं. आधी चित्रावरून टेम्प्लेट, म्हणजे कापायचा साचा, करा. नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या बनवणारे लेझरने अॅक्रिलिक कापून देतात, नाहीतर ९ मिलिमीटर एमडीएफचं घरी कापा. टेम्प्लेट जितकी नेमकी, तितकी गिटार नेमकी, म्हणून इथे वेळ द्या.

बॉडी जिगसॉने रेघेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापा आणि उरलेलं बेअरिंगवाल्या बिटने टेम्प्लेटच्या आधाराने घासा. एका फेरीत तीन-चार मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नका. शिंगांच्या टोकाशी लाकडाची रेषा उलटते, तिथे ढलपी निघते. तो भाग हळू घ्या.

पिकअपचे खड्डे कोरताना सुताराकडची एक वस्तू फार उपयोगी पडते. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांसाठी तो ३५ मिलिमीटरचं बिट वापरतो. हंबकरचा खड्डा साधारण ४० मिलिमीटर रुंद असतो. त्या बिटने स्टँडवर दोन-तीन भोकं पाडून बहुतेक लाकूड काढा आणि राऊटरने फक्त कडा साफ करा. खोली सुमारे २० मिलिमीटर पुरते.

नेक पॉकेट १६ मिलिमीटर खोल, रुंदी तुमच्या नेकच्या टाचेएवढी, बहुधा ५६. आधी रद्दी लाकडावर कोरून पाहा. नेक पॉकेटात बसवून बॉडी उचलली तर स्क्रूशिवाय क्षणभर धरून राहिली पाहिजे, इतका घट्ट. पॉलिशचा थर धरून कागदाएवढी जागा सोडा.

कंट्रोलचा खड्डा मागून कोरतात. वर फक्त सहा मिलिमीटर लाकूड उरलं पाहिजे, नाहीतर पॉटचा (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागाचा) आटा नट बसण्याइतका बाहेर येत नाही. पॉट आधी विकत घ्या, आटा मोजा, मग खोली ठरवा.

दोऱ्याची परीक्षा

ब्रिजची भोकं पाडण्याआधी हे कराच. नेक पॉकेटात शिकंज्याने धरा, ब्रिज मोजलेल्या जागी ठेवा, आणि दोन्ही टोकांच्या ट्यूनरपासून ब्रिजपर्यंत दोन दोरे ताणा, सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक अशा दोन ई तारांच्या जागी. शेवटच्या फ्रेटवर दोरा दोन्ही बाजूंच्या कडांपासून सारखा आत दिसला पाहिजे, साधारण तीन-चार मिलिमीटर. एका बाजूला कमी दिसला तर ब्रिज सरकवा. फरक मोठा असेल तर दोष पॉकेटात आहे, तो पटाशीने सुधारा. बारीक ई चं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे असताना ६४८ वर आलं पाहिजे. बाकीच्या तारांची सॅडलं त्याच्या मागे जातात, जाड ई ची चार-पाच मिलिमीटरपर्यंत. समाधान झालं की टोच्याने खुणा करा आणि मगच ड्रिल.

नेकच्या चार स्क्रूंसाठी बॉडीतली भोकं इतकी मोठी असू द्या, की स्क्रू हाताने आरपार जाईल. त्याने फक्त नेकमध्ये पकड घ्यायची. बॉडीतही आटे पकडले तर जोडात फट राहते. नेकमध्ये ३.२ मिलिमीटरचं भोक, ड्रिलवर टेप लावून खोलीची खूण, आणि स्क्रूला थोडं मेण.

पॉलिश

फवारणीच्या फंदात पहिल्यांदा पडू नका. फ्लॅटमध्ये वास आणि वाफ दोन्ही घातक. दमट हवेत एनसी लॅकर पांढरट पडतो तो वेगळाच. पॉलिशपेपर १२० पासून ३२० पर्यंत, रेषेच्या दिशेने. सागाच्या उघड्या छिद्रांना लांबी (पुट्टी) भरा. मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाची गादी मलमलीत गुंडाळून, पातळ थर हाताने द्या. जुने पॉलिशवाले अजून असंच काम करतात, एखाद्याला करताना बघायला मिळालं तर सोडू नका. घामाने कोपराकडचा थर झिजतो, पण त्यावरच नवा थर देता येतो. नेक पॉकेटच्या तळाला पॉलिश लावू नका.

वायरिंग

ग्रँट रोड स्टेशनच्या बाजूचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, यासाठीच आहे. हंबकरला ५०० के चे पॉट, सिंगल कॉइलला २५० के. ४७० के मिळाला तरी चालतो. व्हॉल्यूमला लॉग पॉट मागा, ज्याच्यावर मूल्याआधी ए असतो. बी म्हणजे लिनिअर, त्याने आवाज एकदम उसळतो. टोनसाठी ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यावर २२३ छापलेलं असतं.

पिकअपची गरम वायर व्हॉल्यूमच्या पहिल्या पायाला, मधला पाय जॅकच्या टोकाला, तिसरा पाय वाकवून पॉटच्या पाठीला. पहिल्याच पायावरून एक वायर टोन पॉटला जाते आणि तिथून कपॅसिटरमधून अर्थला. पॉटच्या पाठीवर सोल्डरचा डाग धरत नसेल तर पॉलिशपेपर घासा आणि ६० वॉटची सोल्डरिंग आयर्न वापरा. २५ वॉटची लावून बसलात तर पॉटच जळतो.

खड्ड्यांना तांब्याची टेप लावून ती अर्थला जोडा. ब्रिजखालून एक वायर अर्थला आलीच पाहिजे. ती विसरली जाते आणि ५० हर्ट्झची घरघर सुरू होते. झाकण लावण्याआधी मल्टीमीटरने ब्रिज आणि जॅकची बाही (अर्थ जोडलेला भाग) एकमेकांना जोडलेली आहेत का बघा. मग अँप्लिफायरला लावून स्क्रू-ड्रायव्हरने पिकअपवर हलकेच टकटक करा. ठक् असा स्वच्छ आवाज आला की तारा चढवा.

सेटिंग

पहिल्यांदा .००९ किंवा .०१० चा तारांचा सेट (आकडा सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचांत). ट्यून करून एक रात्र राहू द्या. मग पहिला फ्रेट कापोने (नेकवर तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) दाबा, शेवटचा बोटाने, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फट पाहा. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, आवळा, नसेलच तर सैल करा, एका वेळी पाव फेराच. त्यानंतर उंची, बाराव्या फ्रेटवर बारीक ई खाली १.६ आणि जाड ई खाली २ मिलिमीटर. शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर नेमका लागतो का हे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे.

एखाद्या फ्रेटवर तार खडखडली तर लगेच कानस उचलू नका. आठवडाभर तारांच्या ताणाखाली नेक बसतो. त्यानंतर ट्रस रॉड पुन्हा तपासा आणि तरीही तोच फ्रेट बोलत असेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून फ्रेट लेव्हल करून घ्या. जुलैत हवा दमट झाली की फट बदलते, ऑक्टोबरात पुन्हा. दोन्ही वेळा कापो आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) काढून तीच मोजणी करा.