गाव महापालिकेत जाण्याआधी

हद्दवाढीची कुणकुण लागली की गावात चर्चा जमिनीच्या भावाची होते. तयारी मात्र कागदांपासून करावी, आणि प्रारूप अधिसूचनेची, म्हणजे हद्दवाढीबद्दलच्या सरकारच्या कच्च्या जाहीर सूचनेची, वाट न बघता करावी. पुण्यालगतच्या २३ गावांची प्रारूप अधिसूचना डिसेंबर २०२० मध्ये निघाली आणि जून २०२१ अखेर गावं महापालिकेत गेलीसुद्धा. हरकती-सूचनांना मिळतो तो जेमतेम महिनाभर.

प्रत्येकाने आपल्या घराचा नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा) उतारा काढावा आणि त्यावरचं नाव, बांधकामाचं क्षेत्र, वापर तपासून चुका आत्ताच दुरुस्त करून घ्याव्यात. घरपट्टी-पाणीपट्टी चुकती करून पावत्या जपाव्यात. महापालिकेचा मिळकतकर एका वर्षात पूर्ण लागत नाही, टप्प्याटप्प्याने वाढतो. पण आधीची आकारणी दाखवता आली नाही तर भांडणार कशाच्या जोरावर? जन्म-मृत्यू आणि विवाहनोंदीचे दाखलेही याच फेरीत घ्या.

मग ग्रामपंचायतीचा हिशेब. ग्रामसभा बोलवा आणि मालमत्तेची यादी मोठ्याने वाचून घ्या: विहिरी, टाक्या, समाजमंदिर, स्मशानभूमी, ट्रॅक्टर, घंटागाडी. बँकेतली शिल्लक, वित्त आयोगाचा अखर्चित निधी, अर्धवट कामं, ठेकेदारांची देणी, थकलेली वीजबिलं हे सगळं ठरावात यायला हवं. कर्मचाऱ्यांची नावं नेमणुकीच्या तारखेसह लिहा, कारण ऐनवेळी भरती झाली तर वर्षानुवर्षं झाडू मारणारा माणूसच चौकशीत भरडला जातो.

गाव शहरात गेलं की एकत्र कारभार स्वस्त पडतो असं म्हणतात, पण ते मी गृहीत धरत नाही. सरपंचांचं कार्यालय बंद झालं तरी रस्ते, दिवे, कचरा, पाणी शहराच्या दर्जाने द्यायचं तर क्षेत्रीय कार्यालय, अभियंते, सफाई कामगार लागणारच. म्हणून हरकतीत नुसता ‘विरोध’ लिहू नका. आमच्या गावावर पहिल्या वर्षी किती तरतूद, कशावर, आणि कोणत्या कार्यालयातून, हे लेखी विचारा. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली आणि काही वर्षांतच पुन्हा बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. दप्तर, कर, कर्मचारी सगळ्यांची दोनदा हलवाहलव झाली, आणि असल्या हलवाहलवीचा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात वेगळा दिसत नाही.

पाण्यासाठी सगळ्यात जास्त वेळ द्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता भागात, नांदेड, किरकटवाडी या समाविष्ट गावांच्या परिसरात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा कुठे विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्राविना, नुसतं क्लोरिन टाकून घरोघर जातंय हे सगळ्यांना कळलं. गावं समाविष्ट होऊन तीन वर्षं उलटली होती. तेव्हा पाणी कुठून येतं, ते शुद्ध कोण करतं, वाहिन्या किती जुन्या आहेत याचा नकाशा आत्ताच काढा, पाण्याची तपासणी करून अहवाल फाइलला लावा आणि शुद्धीकरण केंद्राची मुदत अधिसूचनेआधीच मागा.

शेवटी माणसं ठरवा. ग्रामपंचायत विसर्जित होते, पण नगरसेवक लगेच मिळेलच असं नाही. पुणे महापालिकेत मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार बघत होते. प्रत्येक वस्तीतून एक जण, त्यात बायका निम्म्या, अशी समिती करा, ठरावाच्या प्रती तिच्याकडे द्या आणि क्षेत्रीय कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या.