टीम तीन देशांत असेल, तर या चुका टाळा

पुणे, पोलंडमधलं क्राकूव आणि अमेरिकेतलं सिएटल. अशी तीन शहरांची इंजिनिअरिंग टीम मी बरीच वर्षं सांभाळतोय. नवे टीम लीड येतात आणि त्याच त्या चुका करतात. त्याची झळ मात्र जो सगळ्यात कमी बोलतो त्याला बसते.

पहिली चूक म्हणजे कॉल संपता संपता "कुणाला काही शंका?" असं विचारायचं आणि कुणी बोललं नाही की होकार धरून चालायचं. मीही हेच केलंय. डेटाबेसमधल्या ऑर्डर्सच्या टेबलवर नवा इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायची सूची, टाकायचा होता. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'कन्करंटली' हा पर्याय न लावता इंडेक्स बांधायला घेतला, तर तो पुरा होईपर्यंत त्या टेबलमध्ये नवं काही लिहिलं जात नाही, फक्त वाचता येतं. आमच्या पुण्याच्या टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीला हे ठाऊक होतं, कारण त्याच आठवड्यात स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सिस्टिमवर, तिचं काम त्यामुळे अडकलं होतं. रात्री साडेनऊचा कॉल, तेराजण. तिने दोनदा अनम्यूट केलं आणि दोन्ही वेळा सिएटलचं कुणीतरी बोलायला लागलं. मी शंका विचारल्या, चार सेकंद थांबलो आणि विषय मिटवला. पुण्यात सगळे झोपले असताना तो बदल प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिमवर, गेला आणि अर्धा तास एकही ऑर्डर नोंदली गेली नाही. सकाळी ती म्हणाली, "सर, मी सांगणार होते, पण सगळे पुढे गेले." तिला धीट व्हायला सांगणारे मला बरेच भेटले. त्यांचं म्हणणं मला आजही पटत नाही. दिवसभराच्या कामानंतर, परक्या भाषेत, बारा जणांना तोडून बोलायची वेळ मीच तिच्यावर आणली होती.

तेव्हापासून प्रत्येक मोठा निर्णय कॉलच्या चोवीस तास आधी लिहून टीमपुढे ठेवतो. खाली प्रत्येकाने 'मान्य', 'हरकत' किंवा 'अजून वाचलं नाही' यापैकी एक लिहायचं. तिसरं उत्तर मुद्दाम ठेवलंय, नाहीतर लोक न वाचताच 'मान्य' लिहितात. कुणी मला मराठीत फोन करून हरकत सांगितली तर ती मी त्याच्या नावाने तिथे नोंदवतो, माझ्या नावाने नाही. कॉलमध्ये सगळ्यात ज्युनिअर माणूस आधी बोलतो, आणि हे त्याला आदल्या दिवशीच सांगितलेलं असतं.

दुसरी चूक वेळेची. सिएटलला सकाळी आठ म्हणजे हिवाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेनऊ. वर्षानुवर्षं हीच वेळ ठेवली की पुण्यातल्या आईवडिलांची पोरं त्यांच्याशिवाय झोपतात. सगळ्यांना सोयीची वेळ ॲप शोधून देईल, या आशेवर राहू नका. तशी वेळ नसतेच. मी एक महिना आड उलटं करतो. सिएटल रात्री साडेआठला बसतं, तेव्हा हिवाळ्यात पुण्यात सकाळचे दहा. क्राकूवला ती पहाट पडते, म्हणून त्या महिन्यात त्यांचं म्हणणं लेखी घेतो आणि त्यांच्याशी पुण्याची वेगळी बैठक दुपारी होते.

घड्याळबदलाचंही भान ठेवा. 2025 मध्ये अमेरिकेची घड्याळं 9 मार्चला पुढे गेली, युरोपची 30 मार्चला. मधले तीन आठवडे सिएटल आणि क्राकूवमधलं अंतर नऊऐवजी आठ तासांचं होतं. भारताचं घड्याळ हलत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या लीडच्या हे लक्षातच येत नाही आणि कुणीतरी रिकाम्या कॉलवर वाट बघत बसतं.

बाकीच्या थोडक्यात. तारीख 03/04 अशी लिहू नका; पुण्यात ती 3 एप्रिल, सिएटलला 4 मार्च. 2025-04-03 असं लिहा. ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये ठरलेलं लिहून काढेपर्यंत ठरलं असं मानू नका. रिलीजची तारीख ठरवताना गणपती, थँक्सगिव्हिंग आणि पोलंडची 11 नोव्हेंबरची सुट्टी एकाच कॅलेंडरवर बघा.

आणि कोड रिव्ह्यू, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने तपासणं. हजार ओळींचा बदल पाठवून सिएटलच्या उत्तराची वाट बघाल, तर प्रत्येक शंकेला एक दिवस जातो. घाईतल्या नव्या लीडला वाटतं, लोक आळशी आहेत. मी दोनशे ओळींच्या वरचा बदल परत पाठवतो, आणि सोबत 'हे का केलं' याच्या चार ओळी नसतील तर छोटा बदलही.