इन्स्टॉलेशन मध्येच हँग होतंय? पेनड्राइव्हला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

चतुर्थीला आठ दिवस होते. शेजारचा बारावीतला मुलगा ओल्या छत्रीसकट ओटीवर येऊन उभा. "काका, परत चौतीस टक्क्यांर अडाकला. आता काय करूचा?"

लॅमिंग्टन रोडवरून भाग मागवून त्याने पीसी स्वतः जोडला होता. जोडणी नीटनेटकी होती. पण विंडोज सात वेळा टाकून झालं, तीन पेनड्राइव्ह बदलून झाले, आणि दर वेळी तोच गोठलेला पडदा. मी विचारलं, "सात वेळांत पेनड्राइव्ह सोडून काय बदललंस?" तो गप्प.

इथेच बहुतेकांचं चुकतं. इन्स्टॉलेशन ही नव्या मशीनची पहिली खरी मेहनत असते. दाबून बांधलेल्या फायली रॅममध्ये उलगडायच्या, प्रोसेसरने त्या तपासायच्या, मग डिस्कवर लिहायच्या, हे सगळं एकाच वेळी चालतं. बायोसच्या (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या) पडद्यावर तासभर शांत बसणारी मशीन इथे उघडी पडते. म्हणून दोष विंडोजचा असण्यापेक्षा रॅमचा, डिस्कचा किंवा उष्णतेचा असण्याची शक्यता जास्त.

आधी खरंच हँग झालंय का ते बघा. स्वस्त पेनड्राइव्ह आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर एकाच आकड्यावर वीस-वीस मिनिटं जातात. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, चहा घेऊन या. दिवा ढिम्म असेल तरच पुढचं वाचा. डीडीआर५ (नव्या पिढीच्या) रॅमची नवी मशीन पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळा पडदा दाखवते, कारण ती रॅमशी जुळवून घेत असते. घाबरून बटण दाबलंत की ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

रॅम: एक्सएमपी चालू ठेवून विंडोज टाकणं

रॅमच्या खोक्यावर ३२०० किंवा ३६०० लिहिलेलं असतं. तो वेग बहुतेक वेळा बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्सपो हे वेगाचं प्रोफाइल चालू केल्यावर मिळणारा, म्हणजे एका अर्थी ओव्हरक्लॉकच, ठरलेल्यापेक्षा जास्त पळवणं. प्रोफाइल बंद असेल तर डीडीआर४ साधारण २१३३ ते २६६६ वर चालते. इन्स्टॉलेशन होईपर्यंत ती तशीच चालू द्या, वेग नंतर वाढवता येतो. मग रॅमची एकच स्टिक (पट्टी) ठेवा. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर एकटी स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसते, पण बोर्डाचं पुस्तक उघडून खात्री करा. दोन्ही टोकं पूर्ण बसायला हवीत, 'टक' आवाज येतो. एका टोकाने अर्धवट बसलेली रॅम मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिली आहे.

यानंतर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घ्या आणि त्याच्यावरून मशीन सुरू करा. फुकट आहे. निदान एक फेरी पूर्ण होऊ द्या, जमल्यास रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक दिसली तरी ती चूकच. "फक्त दोनच एरर आल्या" हे समाधान कामाचं नाही.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. जून ते सप्टेंबर इथे पापडसुद्धा तासाभरात नरमतो, आणि समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये खारी हवा शिरतेच. रॅमच्या पिवळ्या दातांवर पुसट थर बसला की मशीन सुरू होते, पण भार आला की अडखळते. मऊ खोडरबराने दात हलके पुसा, भुगा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून पूर्ण सुकू द्या. पॉलिश पेपर लावू नका; त्या सोन्याच्या मुलाम्याची जाडी नावापुरतीच असते, तो गेला की स्टिक कायमची आजारी. एसीच्या खोलीतून दमट पडवीत आणलेल्या भागांवर दव धरतं, तेव्हा तासभर थांबूनच वीज द्या. आणि खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, मोकळ्या भागांच्या डब्यात टाका.

लाईट: रीस्टार्टला हँग समजणं

पडदा गोठणं वेगळं आणि मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू होणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आधी वीज तपासा. घरचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी लावलेला असतो. लाईट गेल्यावर पीसीचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडवरचा इन्व्हर्टर बदलायला त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते वापरा. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गावात एसएमपीएसचं लेबल वाचा. १००-२४० लिहिलेलं असेल तर चिंता कमी, २००-२४० असेल तर तोच संशयित.

कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात? अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अशा कॅबिनेटवर मुख्य विजेच्या निम्म्याएवढं व्होल्टेज तरंगत असतं. जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही, आणि एप्रिल-मेमध्ये तो पार कोरडा पडतो. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्ट ठीक, चाळीस-पन्नास असेल तर वायरमनला बोलवा. मल्टिमीटरची सवय नसेल तर मोजायलाही त्यालाच बोलवा.

आणि आभाळ गडगडत असताना बायोस अपडेट करायचं नाही. मध्ये लाईट गेली तर बोर्ड मरू शकतो.

कूलरखालचा प्लॅस्टिकचा कागद

नव्या कूलरच्या तळाला चिकटवलेला हा कागद काढायला विसरलं की प्रोसेसर तापतो. हसू नका, मी स्वतः एकदा विसरलोय. बायोसमध्ये तापमान बघत पाच मिनिटं बसा. चाळीस-पन्नास अंशांवर स्थिरावलं तर उत्तम. ऐंशी ओलांडून चढतच असेल तर कूलर उघडा.

जुनी डिस्क, अर्धवट डाउनलोड

नव्या मशीनला जुन्या पीसीची हार्ड डिस्क लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. सुरुवातीला ज्या डिस्कवर विंडोज टाकायचं तेवढीच ठेवा, बाकी सगळ्या सोडवा. सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबून डिस्कपार्ट या डिस्क हाताळणाऱ्या प्रोग्रामचा 'क्लीन' आदेश चालवायचा असेल तर हे आणखी गरजेचं, कारण तो निवडलेली डिस्क न विचारता साफ करतो आणि त्यात घरच्या लग्नाचे फोटोही जातात. डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबलही बदलून बघा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रेंज शोधत उतरवलेली आयएसओ फाइल (जिच्यापासून इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनतो) बिघडलेली असू शकते. विंडोजमधल्या सर्टयुटिल आदेशाने तिचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा आकडा, काढून कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहा. तेवढं जुळलं की पेनड्राइव्हवरचा संशय निम्मा संपतो. लिनक्स टाकताना एनव्हिडिया कार्डामुळे लोगोवरच पडदा थिजला तर बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' (ग्राफिक्स साध्या पद्धतीने चालवायला सांगणारा शब्द) जोडा.

मुलाला मी एक वही दिली. एका वेळी एकच बदल, आणि कुठे अडकलं ते लिहायचं. त्याने एक्सएमपी बंद केलं, तरी चौतीसवरच. स्टिक खोडरबराने पुसून एकेक करून लावल्या. पहिलीवर मेमटेस्ट निर्विघ्न पार पडली. दुसरीवर सहाव्या मिनिटाला पडदा लाल झाला. पहिल्या स्टिकवर विंडोज पाऊण तासात चढलं. दुसरी वॉरंटीसाठी मुंबईला गेली, ती थेट दसऱ्याला परत आली. तोवर आठ जीबीवरच त्याने चतुर्थीच्या आरत्यांची यादी टाईप करून वाडीत वाटली.